सव्वातीन लाखांची तयार रॅली कार घेऊ का?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८, बँकेत अधिकारी, मुलगा सातवीत. घरात एकच गाडी, यजमानांच्या नावावर, हप्ते अजून चालू. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या आग्रहाखातर त्या महिलांच्या एका रॅलीत उतरल्या आणि तेव्हापासून मोटरस्पोर्टने त्यांना झपाटलं आहे. रविवारी पहाटे पाच-सहा गाड्यांच्या ग्रुपबरोबर त्या कसारा घाटात जातात. ‘तू आमच्यापेक्षा फास्ट आहेस’ असं ग्रुपमधले सगळे म्हणतात. त्यांच्यातल्या एकाकडे रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा) बसवलेली जुनी रॅली कार आहे आणि ती तो सव्वातीन लाखांना द्यायला तयार आहे. ताईंनी स्वतःच्या पगारातून चार लाख साठवले आहेत. यजमान म्हणतात, ‘कर काय करायचं ते, पण आपल्या गाडीत नको.’ सासूबाईंना हे सगळं वयाला न शोभणारं वाटतं. ताईंचे प्रश्न तीन: उशीर झालाय का? ही गाडी घेऊ का? आणि यजमानांचा विरोध कसा मोडू?

ताई, वयाचा प्रश्न आधी संपवते. जानेवारी २०२२ मध्ये सेबॅस्टियन लोबने माँटे कार्लो रॅली जिंकली तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. त्याच्या शेजारी बसून नोट्स वाचणारी इसाबेल गाल्मिश ५० वर्षांची होती आणि नोकरीने ती शाळेतली गणिताची शिक्षिका. २०२४ ची डाकार रॅली कार्लोस साइन्झने जिंकली ती वयाच्या ६१ व्या वर्षी. ही झाली जगातली सर्वांत वरची पातळी. क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे बंद मैदानावर एकेका गाडीची वेळ मोजणाऱ्या स्पर्धेत, ३८ वय कुणाच्या लक्षातही येणार नाही. अर्थात, हे दाखले ऐकून सासूबाईंचं समाधान होईल असं मला वाटत नाही. त्या बोलतात वयाबद्दल, पण मनात काळजी बहुधा तुमच्या जिवाची असते. ती काळजी हेल्मेट, बेल्ट आणि एका वेळी एकच गाडी पळणारं बंद मैदान दाखवून कमी होते. एकदा त्यांना स्पर्धेला घेऊन जा.

आता कसारा घाट. इथे मी आडपडदा ठेवत नाही: हे थांबवा. पुढच्या रविवारपासून नको, या रविवारपासून.

कायदा तुम्हाला माहीत असेलच. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद. बँकेत अधिकारी असलेल्या माणसाला गुन्हा नोंद होणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. पण कायद्यापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. कसारा घाटातून शिर्डीच्या पालख्या चालत जातात. पहाटेच्या अंधारात कंटेनर आणि एसटी असतात, चहाच्या टपरीकडे रस्ता ओलांडणारे ड्रायव्हर असतात. यांच्यापैकी कुणीही तुमच्या खेळात नाव नोंदवलेलं नाही.

शिवाय ग्रुप जे म्हणतो त्यावर किती विसंबायचं, याचाही विचार करा. घाटात घड्याळ नसतं. पुढची गाडी ट्रकमागे अडकली आणि मागचीला मोकळा रस्ता मिळाला, यावरून कोण वेगवान हे ठरत नाही. आंधळ्या वळणावर समजूतदार चालक हातचा वेग राखून ठेवतो, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. तिथे जो सगळ्यांत पुढे जातो त्याने बहुतेक वेळा हा राखीव वेग सोडून दिलेला असतो, एवढंच सिद्ध होतं. तुमच्या हातात खरंच कसब असेल, आणि असेलही, पण ते घाटात दिसणार नाही. बंद मैदानावर सगळ्यांना तोच मार्ग, तीच माती आणि शेजारी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारं यंत्र असतं. तिथे जो आकडा येईल तो तुमचा.

यजमानांचा विरोध कसा मोडू, असं तुम्ही विचारता. मी पत्र दोनदा वाचलं, मला विरोध सापडला नाही. ‘कर काय करायचं ते’ हे त्यांच्या वाक्याचं पहिलं अर्ध आहे. दुसऱ्या अर्धात त्यांनी एकच अट घातली आहे आणि ती अट बरोबर आहे. घरच्या गाडीची विमा पॉलिसी काढा आणि त्यात वापराच्या मर्यादा सांगणारा परिच्छेद शोधा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत तिथे लिहिलेलं असतं की संघटित शर्यती, पेस मेकिंग (दुसऱ्यांसाठी वेग ठरवत पुढे पळणं), वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही. म्हणजे ऑटोक्रॉसमध्ये गाडी उलटली तर कंपनी पैसे देणार नाही, आणि हप्ते मात्र शेवटपर्यंत भरावे लागतील. मुलाला क्लासला सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला हीच एक गाडी. यजमानांनी पॉलिसी वाचलेली असो वा नसो, त्यांना हे आतून कळलेलं आहे.

आणि तसंही त्यांच्या सहीवाचून चालणार नाही. गाडी स्पर्धकाच्या नावावर नसेल तर आयोजक सहसा मालकाचं संमतिपत्र मागतात. तेव्हा ‘मोडून काढणं’ सोडून द्या आणि त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ कागद घेऊन बसा. गाडीच्या पॉलिसीबरोबर तुमची आरोग्य विम्याची पॉलिसीही काढा. साहसी खेळ संरक्षणातून वगळणाऱ्या ठरावीक कलमात मोटर रेसिंगचं नाव घेतलेलं असतं. ते वगळणं व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं असतं, तरी तुमच्या पॉलिसीतले शब्द स्वतः वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मुदत विमा नवीन काढणार असाल तर अर्जात धोक्याच्या छंदाची विचारणा असते. तिथे खरं लिहा. हे कागद तुम्ही होऊन पुढे ठेवलेत की घरातलं बोलणं ‘बाईने रेस करावी का’ या वळणावरून ‘कशी करायची’ या वळणावर येईल. तुम्ही बँकेत दिवसभर लोकांची जोखीम तपासता, तेच कौशल्य आहे हे.

आता गाडी. माझं मत सरळ आहे: या वर्षी घेऊ नका.

चारातून सव्वातीन गेले की उरतात पाऊण लाख. त्यातून हेल्मेट, टायर, प्रवेश शुल्क, मेकॅनिकचा खर्च, सुटे भाग. केज बसवलेली, आवाज वाढवलेली गाडी रस्त्यावरून चालवत न्यायची म्हटलं तर परवानगीशिवाय केलेल्या बदलांचा प्रश्न येतो. कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मालकाने बदल करण्यावर कायद्यात वेगळी शिक्षा आहे. म्हणजे प्रत्येक स्पर्धेला फ्लॅटबेड ट्रक आला. अशा किती गाड्या मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभ्या पाहिल्या आहेत! मालकाकडे गाडी आहे, पण ती मैदानापर्यंत न्यायला पैसे नाहीत. आपल्याकडे या खेळाची सुरुवात बहुतेक जण गाडीपासून करतात आणि म्हणूनच बरेच जण दोन मोसमांत थांबतात. पैसे चाकामागे बसण्याच्या वेळेवर खर्च करा, पत्र्यावर नंतर.

तरीही मित्राची गाडी एकदा नीट बघून यायला हरकत नाही, त्यातून शिकायला मिळेल. आधी केज बघा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती कोल्ड ड्रॉन सीमलेस पोलादी नळीची लागते. मुख्य कमानीला ४५ मिलीमीटर व्यास आणि अडीच मिलीमीटर जाडी, किंवा ५० व्यासाला दोन मिलीमीटर. बाजारातल्या जोडवाल्या पाइपची, फर्निचरच्या दुकानात वाकवून आणलेली केज दिसायला तशीच दिसते आणि गाडी उलटली की दुमडून चालकाच्या डोक्याकडे येते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा कुणी जाणकार ओळखीचा असेलच. त्याला व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) घेऊन बरोबर न्या, नळीला कुठे छोटं छिद्र आहे का विचारा आणि तिथून नळीच्या भिंतीची जाडी मोजून घ्या. केजचे पाय जिथे तळाच्या पत्र्याला टेकतात तिथे खाली जाड प्लेट आहे की नुसता पत्राच आहे, तेही पाहा. मग बेल्ट आणि सीट. रेसिंग बेल्टच्या लेबलवर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं. मुदत संपलेला बेल्ट तपासणीत नापास होतो आणि नवा घ्यायचा म्हणजे पुन्हा खर्च. हे सगळं पाहून झालं की सव्वातीन लाख ही किंमत तुम्हाला वेगळी वाटू लागेल.

गाडी न घेता सुरुवात कशी करायची? तुम्ही उतरलात ती रॅली बहुधा टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स प्रकारची असणार. महिलांच्या रॅली सहसा तशाच असतात. १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन मुंबईहून अॅम्बी व्हॅलीला महिलांची रॅली नेत आली आहे, तीही याच प्रकारातली. रस्ता ठरलेला, सरासरी वेग ठरलेला आणि तो वाहतुकीच्या मर्यादेच्या आतला. उशिरा पोहोचलात तर गुण जातात; लवकर पोहोचलात तर बहुतेक नियमावल्यांत जास्त जातात. अनेक जणी याकडे सहल म्हणून बघतात आणि परत येतात. तुम्ही तसं करू नका. रोडबुकमधली, म्हणजे आयोजक देतात त्या मार्गाच्या वहीतली बाणांची चित्रं घरी बसून वाचायला शिका. आपल्या गाडीचं मीटर आयोजकांच्या मोजलेल्या अंतराशी किती चुकतं ते सुरुवातीलाच काढा आणि पुढचा सगळा हिशेब त्या फरकाने सुधारून घ्या. शंभर किलोमीटरला दोन किलोमीटरची चूक म्हणजे चाळीसच्या सरासरीला तीन मिनिटं, आणि इथे गुण सेकंदांवर जातात. फक्त एक गोष्ट विसरू नका: विम्यातला रिलायबिलिटी ट्रायलचा शब्द टीएसडीला लागू पडतो का, हे कंपनीला आधी विचारा.

यापेक्षाही चांगला मार्ग मी सुचवते, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही याचं मला वाईट वाटलं. नॅव्हिगेटर व्हा, म्हणजे चालकाच्या शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगणारी व्यक्ती. चांगला नॅव्हिगेटर मिळत नाही अशी अनुभवी चालकांची कायमची तक्रार असते. आकड्यांत चूक न करणारी, घाई झाली तरी आवाज न चढवणारी, कागद न हरवणारी व्यक्ती त्यांना हवी असते. हे तर तुमचं रोजचं काम आहे. एक-दोन मोसम अनुभवी माणसाच्या डाव्या सीटवर बसलात तर गाडी न घेता सगळा खेळ आतून दिसेल: तपासणी कशी होते, मेकॅनिकला काय सांगायचं, सर्व्हिसच्या वेळेत काय होतं, पंक्चर झाल्यावर डोकं कसं शांत ठेवायचं. नाशिकने राष्ट्रीय रॅली मालिकेच्या फेऱ्या पाहिलेल्या आहेत. जुनी जाणती माणसं तुमच्याच शहरात आहेत. त्यांना भेटण्याचा उत्तम उपाय म्हणजे एखाद्या स्पर्धेला मार्शल म्हणून नाव देणं. वळणावर पिवळा झेंडा घेऊन दिवसभर उन्हात उभं राहिलं की कोण कुठे ब्रेक लावतो आणि कोण कुठे चुकतो, हे पैसे न मोजता शिकायला मिळतं.

त्यानंतर ऑटोक्रॉस. मी टायमिंगच्या टेबलाशी पुष्कळ बसले आहे आणि नवख्या स्पर्धकाची पहिली फेरी ठरलेली असते. मुरमाचं मैदान, प्लास्टिकचे शंकूसारखे कोन आणि फिती लावून आखलेला मार्ग. मार्शल पाच बोटं दाखवतो, एकेक मिटतो. बोट संपलं की नवखा अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, धुळीचा लोट उठतो आणि गाडी अजून रेषेवरच असते. मग पहिल्या वळणावर वेग जास्त होतो, गाडी वळत नाही, म्हणून तो स्टिअरिंग अजून फिरवतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणारी गाडी तरीही सरळच जाते आणि कोन उडतो. कोनाला दंडाचे सेकंद असतातच. हात मदत करताहेत असं वाटतं तेव्हा ते नुकसान करत असतात. अशा वेळी स्टिअरिंग थोडं सोडायचं असतं, अॅक्सिलरेटर हलका करायचा असतो. वजन पुढे आलं की टायर पुन्हा जमीन पकडतात. वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक, मग वळण, आणि गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला लागल्यावरच ताकद. सैल मातीवर एबीएसवाली (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी) गाडी अपेक्षेपेक्षा लांब जाऊन थांबते, हेही लक्षात असू द्या. लॉक झालेल्या चाकापुढे मातीचा जो छोटा बांध साचतो तो एबीएस साचू देत नाही. ही शिकवण कमी ताकदीच्या गाडीत लवकर मिळते. ताकदवान गाडी चुका झाकते, आणि झाकलेली चूक मोठ्या वेगाला बाहेर येते.

पण घरची गाडी नाही, तर कुठली? अनेक ऑटोक्रॉसमध्ये एकाच गाडीवर दोन स्पर्धकांना नाव देता येतं. नियमावलीत तसं आहे का बघा आणि क्लबमधल्या कुणाची साधी गाडी भाड्याने घ्या. नुकसान झालं तर कोण किती भरणार हे आधी कागदावर लिहा, मैत्रीत असलं तरी. ते जमेपर्यंत कार्टिंग आहे. मुंबईत वडाळ्याला ट्रॅक आहे, कोल्हापुरात तर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे तुमच्या हाताचा प्रत्येक झटका थेट वेळेत दिसतो. मात्र तिथे कुणाला मागे टाकलं याकडे बघू नका. प्रत्येक फेरीची वेळ छापून मिळते ती घरी आणा आणि सगळ्या फेऱ्या एकमेकींच्या किती जवळ आहेत ते बघा. एक फेरी झकास आणि बाकीच्या विखुरलेल्या असतील, तर अजून सराव हवा.

सामानात एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून स्वतःची घ्या: हेल्मेट. छोट्या स्पर्धांत दुचाकीचं पूर्ण तोंड झाकणारं आयएसआय हेल्मेट चालवून घेतात, पण पुढे जायचं ठरलं की कार रेसिंगसाठी बनवलेलं, आग न पकडणाऱ्या अस्तराचं घ्यावं लागतं. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं. ब्रेक फ्लुइडचंही सांगून ठेवते, कारण कुणी सांगत नाही. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं फ्लुइड २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येऊ शकते, आणि फ्लुइड उकळलं की ब्रेक नीट लागत नाही. एका पावसाळ्यातून काढलेली गाडी भाड्याने घेताना फ्लुइड कधी बदललं, हे विचारा.

तुम्हाला खरोखर चाकाला चाक लावून शर्यत करायची इच्छा असेल, तर त्या खेळाचं केंद्र दक्षिणेत आहे: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे. तिथे रेसिंगचे छोटे अभ्यासक्रम चालतात, गाडी त्यांचीच असते. राष्ट्रीय स्पर्धांसाठी एफएमएससीआयचा (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा) परवाना आणि वैद्यकीय दाखला लागतो. मुंबईच्या स्नेहा शर्मा विमान उडवण्याची नोकरी सांभाळून सिंगल सीटर (एकच सीट असलेल्या रेसिंग कारच्या) शर्यतींत उतरल्या, त्यामुळे नोकरी आहे हे कारण पुरेसं नाही. तरी या अभ्यासक्रमाचे पैसे दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

चार लाखांतले या मोसमात किती, हा आकडा यजमानांसमोर ठरवा. माझ्या मते एक लाखाच्या वर जाऊ नका आणि बाकीचे तीन मुदत ठेवीत टाका. पुढे कधी स्वतःची गाडी घेतलीतच, तर अशीच घ्या की ती सुरुवातीच्या रेषेवर नेताना पूर्ण गेली तरी घरातलं एकही काम अडणार नाही.

अशीच पत्रं मला कॉलेजच्या मुलामुलींकडूनही येतात. त्यांनी गाडीचा हट्ट धरण्याआधी आपल्या कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला संघात, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून स्पर्धेत उतरवणाऱ्या संघात शिरावं. तिथे वेल्डिंगपासून नियमावलीपर्यंत सगळं हाताखालून जातं. अमेरिकेत असलेल्या वाचकांचं काम तुलनेने सोपं आहे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या स्थानिक शाखा मोठ्या पार्किंगच्या जागेत रोजच्या गाडीवर ऑटोक्रॉस घेतात आणि नवख्याच्या शेजारी शिकवणारा बसतो. विम्याचा कागद मात्र तिथेही आधी वाचायचा.

ताई, पाऊस संपला की मैदानं सुकतात आणि ऑक्टोबरपासून स्पर्धांच्या तारखा लागू लागतात. मित्राला आजच कळवा की गाडी या वर्षी घेत नाही, म्हणजे तो दुसरं गिऱ्हाईक बघेल. आणि जवळच्या पहिल्या ऑटोक्रॉसच्या आयोजकांना मार्शल हवेत का, असा फोन करा.